ताण आला की उघडतात

अकोला-अमरावतीकडे फिरायला म्हणून कुणी जात नाही. आमच्या पुण्यातली माणसं कोकणात जातात, हिमाचलात जातात, परवडलं तर युरोपात जाऊन तिथे पोहे शोधतात. मी डिसेंबरात आठ-नऊ दिवस वऱ्हाडात होते असं सांगितल्यावर शेजारच्या बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "कुणी वारलं का हो?" नाही हो, कुणी वारलं नाही. पण थोडक्यात चुकलं, आणि त्यात माझा हात होता. म्हणून हे लिहून काढते आहे. सगळं नीट उलगडलंय असं समजू नका, माझा गोंधळ अजून गेलेला नाही.

मी कॉलेजात जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यापासून एका विज्ञान मासिकात लेख लिहिते. गेल्या पावसाळ्यात कॅन्सरच्या औषधांवर एक लिहिला होता. विषय असा, की केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी बारीक असे कण बनवायचे, त्यांच्या पोटात औषध भरायचं आणि ते रक्तात सोडायचे. हे कण बंद डबीसारखे फिरत राहतात आणि गाठीपाशी पोचले की उघडतात. उघडायला काहीतरी निमित्त लागतं: गाठीजवळचा आंबटपणा, थोडी उष्णता, बाहेरून पाडलेला उजेड, किंवा तिथल्या गुदमरलेल्या पेशी. मी त्यांना "शहाणे कण" म्हटलं होतं आणि त्या शब्दावर स्वतःच खूश होते.

मग नोव्हेंबरात मासिकाच्या संपादकांनी मला एक आवाजी निरोप पाठवला. बाईचा आवाज होता, खणखणीत.

"म्याडम, नमस्कार. मी शेंदूरजनाघाटहून शोभा बोलून राहिली. मले छातीचा कॅन्सर हाये. तुमचा लेख वाचला. तुमी लिवलं, तसंच करून राहिली मी. दोन डोस झाले, गाठ लहान झाली म्हंते डॉक्टर. कधी इकळे आल्या तं येजा घरी."

आता मला सांगा, मी लिहिलं तसं म्हणजे कसं? लेखात मी कुणाला काही करायला सांगितलंच नव्हतं! चार वेळा लेख वाचला. पथ्य नाही, व्यायाम नाही, काढा तर मुळीच नाही. फोन करून विचारलं तर म्हणाल्या, "या तं खरं, मंग सांगतो." तिकडे बायकासुद्धा 'सांगतो', 'जातो' म्हणतात हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे फोनवर मध्येच नवरा बोलायला लागला की काय, असं वाटून मी दोनदा "कोण बोलतंय?" विचारलं. त्या वैतागल्या आणि फोन ठेवला.

अकोल्याच्या व्याख्यानाचं बोलावणं आधीच आलेलं होतं. म्हटलं, तिथून पुढे जाऊन बघून येऊ. एक आजारी बाई माझं नाव घेऊन काहीतरी करते आहे, आणि ते काय हे मलाच ठाऊक नाही. झोप येईना मला.

अकोला

व्याख्यान रविवारी सकाळी होतं. आधी आयोजकांनी नाश्त्याला तर्री-पोहे दिले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरवतात आणि वर लिंबाची फोड ठेवतात. इथे पोह्यांवर लालभडक रस्सा ओतला. मी मोठ्या हिमतीनं तीन चमचे खाल्ले आणि डोळ्यांतून पाणी काढत व्यासपीठावर चढले. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी कळवळून विचारलं, "घरचं कोनी गेलं का कॅन्सरनं?" मी नुसती नाकाला रुमाल लावून उभी राहिले.

श्रोते कमी पडू नयेत म्हणून शेजारच्या कृषी मेळाव्याला आलेली माणसं इकडे वळवली होती. मला वाटलं, झालं, आता सगळं यांच्या डोक्यावरून जाणार. तर दहाव्या मिनिटाला मागून एक जण उठला. "म्हंजे म्याडम, आमी युरियाले निंबोळीची पेंड चोळून टाकतो, एकदम इरघळू नये म्हनून. तसंच झालं न हे?"

अगदी तसंच होतं, आणि माझ्या अख्ख्या लेखात इतकं सोपं वाक्य एकही नव्हतं.

दुसरा म्हणाला, "पन पोटात बी आंबट असते. तिथंच उघडलं तं?"

"शिरेतून देतात, पोटात जात नाही."

"अन् शिरेतून जाता जाता भलतीकळे उघडलं तं?"

"तोच तर प्रश्न आहे," मी म्हणाले. "त्यावरच अजून काम चाललंय. बाजारात आलेलं नाही ते."

माणूस समाधानानं खाली बसला. माझंही समाधान झालं. वऱ्हाडी माणूस फटकन बोलतो, पुण्याच्या कानाला भांडल्यासारखं वाटतं, पण विचारतो ते नेमकं विचारतो. लेखातही मी हे सांगितलेलंच होतं, शेवटच्या परिच्छेदात. शोभाताईंनी तेही वाचलंच असणार, मग काळजी कसली, अशी मी स्वतःची समजूत घातली.

अमरावती, आणि भलतंच शेंदूरजना

सोमवारी अमरावतीला उतरले. दुपारी गिला वडा खाल्ला. गिला म्हणजे ओला. दह्यात बुडवलेला वडा आणि वर चटण्या. आपल्या दहीवड्याचा हा जरा दांडगा चुलतभाऊ. अकोल्याच्या तर्रीनं पोळलेल्या जिभेला तो असा काही बरा वाटला, की मी दुसरी प्लेट मागितली.

तिथून पुढे माझा शहाणपणा चालला नाही. बसस्टँडवर विचारलं, "शेंदूरजनाची गाडी कुठली?" एकानं बोट दाखवलं, मी बसले. तासाभरानं उतरले, शोभाताईंचं नाव घेऊन चार घरी विचारलं. कुणी ओळखेना. संत्र्याचं झाडही दिसेना. कापूस आणि तूर, बस्स. एका घरातल्या बाईंनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि मग विचारलं, "तुमाले कोन्तं शेंदूरजना पायजे? घाट का बाजार?"

"दोन आहेत?"

"माय वं! हे बाजार हाये. घाट थे वरूडकडं. उलटं आल्या न तुमी." मग आत वळून ओरडल्या, "अहो, या पुन्याच्या बाई चुकून आल्या जी आपल्याकडं!"

चांदूरही दोन आहेत म्हणे, एक बाजार, एक रेल्वे. एकाच नावाची दोन गावं एकाच जिल्ह्यात ठेवायची आणि माणसांनी आपापलं ओळखून घ्यायचं! त्या बाईंना यात काही वावगं वाटत नव्हतं. "इथल्याले समजते न," म्हणाल्या. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही आणि परतीच्या गाडीत स्वतः बसवून दिलं. अमरावतीला मुक्काम केला. चिडले होते, पण कुणावर चिडायचं तेच कळत नव्हतं.

शेंदूरजनाघाट

मंगळवारी सकाळी मोर्शी-वरूडवरून बरोबर गावी पोचले. या रस्त्यावर मात्र डोळे निवतात. काळी जमीन, एका ओळीत उभ्या संत्र्याच्या बागा, उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ. रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग, त्यांची प्रतवारी करणारी माणसं, गवत घालून भरलेल्या पेट्या. बसच्या खिडकीतूनसुद्धा वास येत होता.

शोभाताई फाटकातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, डोक्याला घट्ट रुमाल. चेहरा ओढलेला, ओठ फुटलेले, आवाज मात्र फोनवरचाच. "या न जी! काल कुठं गेल्ता?"

"शेंदूरजना बाजारला."

त्या इतक्या हसल्या, की भिंतीला धरून खाली टेकल्या. त्यांचे यजमान वासुदेवराव आतून धावत आले. गरीब स्वभावाचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी आधी बायकोला उठवलं, मग मला नमस्कार केला. "चक्कर येते तिले," म्हणाले. "परवा न्हानीत पडली. डॉक्टर म्हंते, पानी भरपूर पाजा. मी रोज तीन बाटल्या भरून देतो. पेते बी. तरी चक्कर येते. समजूनच नाई राहिलं."

खिडकीत तीन मोठ्या बाटल्या होत्या. त्यांच्यावर पेनानं रेघा मारलेल्या, किती वाजता कुठपर्यंत प्यायचं त्याच्या. नवऱ्यानं बायकोसाठी मारलेल्या त्या रेघा बघून मला भरून आलं.

जेवायला रोडगे होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड गोळे, वरण, आणि वांग्याची भाजी. रोडगा फोडायचा, तुपात बुडवायचा. मी पुण्याच्या हिशेबानं एकावर थांबले तर वासुदेवरावांना वाटलं, भाजी बिघडली. शोभाताईंनी चार घास चिवडले. तोंड आलं होतं त्यांचं, गिळवत नव्हतं.

"लेखाप्रमाणे करताय म्हणालात, ते काय?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"जेवा आदी. मंग बगीच्यात दाखवतो."

बगीच्यात? कॅन्सरच्या औषधाचं बगीच्यात काय दाखवणार?

बाग घरामागेच होती. सगळा कारभार शोभाताईंचा. खत कधी, फवारणी कधी, तोड कधी, सारं त्या ठरवायच्या, वासुदेवराव हुकमाचे ताबेदार. बागेत शिरले आणि मला धक्काच बसला. झाडांची पानं लोंबत होती, काही पिवळी पडून खाली आलेली, जमिनीला भेगा.

"अहो, बाग वाळली तुमची!"

"वाळली नाई. ताण देल्ला हाये तिले."

"काय दिलाय?"

"ताण. पानी तोळलं. महिना होत आला." एका फांदीवरून त्यांनी हात फिरवला. "पानी तोळलं का झाळाले वाटते, आता मरतो मी. जीव मुठीत धरून बसते थे. सारा जोर आतल्या आत साठवते. मंग जानेवारीत पानी सोळलं का सारा बहार एकदमच फुटते. अशी फुलं, का पान दिसत नाई! अन् ताण नाई देल्ला तं बारा महिने इकळं चार फुलं, तिकळं चार फुलं. कामाचं काईच नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "समजलं न आता?"

मी मान हलवली. मला काहीही समजलं नव्हतं. इतकी वर्षं मास्तरकी केल्यावर 'नाही समजलं' म्हणायला जीभ रेटत नाही.

परत आलो. वासुदेवराव झोपाळ्यावर पेंगत होते. मी हात धुवायला मागच्या दारी गेले, आणि शोभाताई माझ्या आधीच तिथे होत्या. खिडकीतली एक बाटली त्यांच्या हातात होती. लिंबाच्या झाडाच्या बुडाशी उभं राहून त्या ती ओतत होत्या. पेनाच्या दुसऱ्या रेघेपर्यंत, अगदी मापानं.

"अहो, हे तुमचं प्यायचं पाणी ना?"

"हाव. हळू बोला, ऐकतीन हे." त्यांनी झाकण लावलं. "परवाच्या दिवशी डोस हाये न माहा. चार दिवस आदीपासून पानी तोळतो मी. गोळीपुरतं घोटभर घेतो, बस. ताण बसला पायजे न पुरा."

त्यांनी कमरेचा मोबाइल काढला, एक चित्र उघडून माझ्यापुढे धरलं. माझा लेख होता. संत्रा बागायतदारांच्या ग्रुपवर कुणीतरी मधल्याच एका पानाचा फोटो टाकला होता, कारण त्यात 'ताण' हा शब्द होता. पहिलं पान नाही, शेवटचंही नाही; तळाशी मासिकाचं आणि माझं नाव तेवढं होतं. दोन वाक्यांखाली लाल रेघ होती. "अशा वेळी पेशींवर ताण येतो. ताण आला की हे कण उघडतात आणि औषध मोकळं होतं."

माझीच वाक्यं! इंग्रजीतल्या 'स्ट्रेस'ला मराठी शब्द हवा होता, मी 'ताण' लिहिला आणि पुढे गेले. मला त्या शब्दात डोकेदुखी दिसते, परीक्षा दिसते. या बाईंना त्यात पाणी तोडलेलं झाड दिसलं, आणि त्यांचा अर्थ माझ्याहून पक्का होता.

"शोभाताई, हे आत्ताच्या आत्ता बंद करा. किडनी जाईल तुमची!"

"कावून? गाठ लहान झाली न माही."

"औषधानं झाली. ताणानं नाही."

"तुमीच लिवलं न, ताण आला का उघडते! अन् मले तं अनुभव हाये." त्या मला शिकवू लागल्या, बोटावर मोजत. "पयल्या डोसाले ताण कमी पडला. एकीकडं साखरपुड्याले गेलो, सरबत पेलं. म्हनून थे औषध भलतीकळेच उघडलं, अन् सारे केस गेले. माहीच चूक. दुसऱ्या डोसाले नीट धरला, तरी तोंड आलं. म्हनून आता चार दिवस धरला."

हे ऐकून मला रडू यायचं राहिलं होतं ते आलं. केस गेले, तोंड आलं, न्हानीत पडल्या, आणि या सगळ्याबद्दल त्या स्वतःलाच दोष देत बसल्या होत्या. आपण ताण धरायला कमी पडलो म्हणून.

आता खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता. आणि ते सांगणं पाणी पाजण्याहून जड होतं.

"शोभाताई, तुमच्या सलाईनमध्ये ते कण नाहीत."

"म्हंजे?"

"ते शहाणे कण अजून प्रयोगशाळेत आहेत. चाचण्या चालल्यात. तुम्हाला देतात ते औषध साधं आहे. चांगलं आहे, गाठ कमी करतंय, पण साधं. ते बंद नसतं आणि कशाची वाट बघत नाही. सगळीकडे जातं. केसांत जातं, तोंडात जातं. ज्यांना ज्यांना देतात त्यांचे केस जातात. तुम्ही हंडाभर पाणी प्यायला असतात तरी गेले असते."

त्यांनी बाटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मंग माही चूक नवती?"

"नव्हती हो. चूक माझी होती."

"मंग लिवलं कावून असं?" एवढं जोरात म्हणाल्या की झोपाळा थांबला. फोटो अर्धा होता, शेवटचं पान कुणी टाकलंच नाही, असं सांगता आलं असतं. सांगवेना मला.

वासुदेवराव दारात येऊन उभे होते. त्यांनी बाटली पाहिली, ओली माती पाहिली, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार. त्यांनी लिंबाच्या झाडाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तरीच म्हनलं," ते हळूच म्हणाले, "हे लिंबू कावून एवढं फुटून राहिलं."

मग आत जाऊन त्यांनी पेला भरून आणला आणि बायकोपुढे धरला. शोभाताईंनी पेला घेतला, अर्धा प्यायल्या, आणि तिथेच उलटून पडलं सगळं. पुन्हा दिलं, पुन्हा पडलं. वासुदेवरावांनी गाडी काढली.

पुन्हा अमरावती

संध्याकाळी दवाखान्यात पोचलो. डॉक्टर तरुण होते, मराठवाड्याकडचे. त्यांनी जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली, रक्त काढायला लावलं. सलाईनमधून देतात त्या लाल रंगाच्या औषधाबरोबर दुसरं एक देतात, ते लघवीच्या पिशवीला जाळतं, म्हणून पाणी हवंच, हे मी इतक्यांदा समजावलं होतं, असं ते चिडून म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पाणी बंद करायला सांगितलं कोणी तुम्हाला?"

शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोनी नाई. माह्याच मनानं."

मला वाचवत होत्या त्या! शिरेत सुई, ओठाला रक्त, आणि दोन तासांपूर्वी जिच्यावर ओरडल्या तिला वाचवत होत्या.

"मी सांगितलं," मी म्हणाले.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आपण कोण?"

मी सांगायला गेले आणि असा काही घोळ घातला की बस. कण, लेख, ताण, संत्री, शेंदूरजना बाजार. डॉक्टर मान हलवत होते आणि लिहीत होते. मी डोकावून पाहिलं, तर त्यांनी लिहिलं होतं, पेशंटला मानसिक ताण. एका शब्दाचे आता तीन अर्थ त्या खोलीत जमले होते आणि माझी मती गुंग झाली.

शेवटी शोभाताईच उठून बसल्या. "तसा ताण नाई, डॉक्टर. पेन ठेवा. आमी संत्र्याले देतो थो." आणि पाच मिनिटांत त्यांनी झाडापासून सलाईनपर्यंत सगळं सांगितलं, सरळ, एक शब्द फुकट न घालवता. डॉक्टरांनी पेन ठेवलं होतं. "अहो, वरूड-मोर्शीकडच्या किती बायका येतात माझ्याकडे," ते म्हणाले. "त्या ग्रुपवरचा फोटो आणखी कुणी पाहिला असेल?"

ते तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिथेच संपादकांना फोन लावला. खुलासा छापू म्हणाले, पुढच्या अंकात. पुढचा अंक महिन्यानं निघणार! शोभाताईंनी नवऱ्याकडून मोबाइल मागून घेतला आणि ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. "मी शोभा बोलून राहिली. थो ताणाचा लेख कोनी वाचला असन तं ध्यानात ठेवा. ताण फकत झाळाले द्याचा. मानसाले नाई. मी देल्ला, अन् आता दवाखान्यात पळली हाये. ज्याले सलाईन चालू हाये त्यानं पानी प्याचं, अन् डॉक्टरलेच इचाराचं." पाठवून झाल्यावर मोबाइल उशीखाली सारला. घरी जाईपर्यंत त्यांना सतरा फोन आले, मोर्शीहून, चांदूर बाजारहून. त्यातल्या एका बाईनं खरंच दोन दिवस पाणी तोडलं होतं.

रक्ताचा रिपोर्ट वाईट आला. किडनीवर ताण आहे, असं डॉक्टर म्हणाले आणि लगेच जीभ चावून "भार आहे" म्हणाले. गुरुवारचा डोस रद्द झाला. सोमवारपर्यंत सलाईन, मग पुन्हा तपासणी, आणि किडनी सुधारली तरच औषध. नाही सुधारली तर ते औषध बंद, आणि दुसरं इतकं चांगलं लागू पडेल याची खात्री नाही. मी परतीचं तिकीट रद्द केलं. घरी कशी जाणार होते? बुधवारपासून रविवारपर्यंत मी वॉर्डात बसून होते. वासुदेवराव पेले भरायचे, मी घड्याळ बघायचे, शोभाताई आम्हा दोघांना शिव्या घालत प्यायच्या.

रविवारी दुपारी त्या म्हणाल्या, "थे खरे कण कवा येतीन?"

"माहीत नाही. काही वर्षं लागतील."

"माह्या टायमाले येतीन?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि बोलता आलं नाही. "सांगता येत नाही, शोभाताई."

"हं," त्या म्हणाल्या. "आले तं लिवाच तुमी. पन छापायच्या आदी मले वाचून दाखवजा."

सोमवारी सकाळचा रिपोर्ट बरा आला. डॉक्टर स्वतः सांगायला आले. दुपारी लाल औषधाची बाटली लागली, रक्तासारखी लाल. सिस्टर शोभाताईंना म्हणाल्या, आता पाणी पीत राहा, औषध शरीराबाहेर पडलं की लघवी लाल होईल, घाबरायचं नाही, उलट झाली नाही तर मला सांगा. आधीच्या दोन्ही खेपांना शोभाताईंना लघवी जेमतेम चमचाभर, जळजळीत व्हायची. आम्ही तिघं मग वाट बघत बसलो. तास गेला, दीड तास गेला. वासुदेवराव फरशीकडे बघत होते. मी पेल्यावर पेले भरत होते आणि मनात येईल त्या देवाला हाक मारत होते, आणि मी देवाचं काही करणाऱ्यांतली नाही.

शेवटी त्या उठल्या. सलाईनचा स्टँड ढकलत मोरीत गेल्या, दार लोटलं. वॉर्डात दहा-बारा खाटा, त्यांचे नातेवाईक, जेवणाचा डबा घेऊन आलेली माणसं. आणि आतून तो खणखणीत आवाज आला.

"म्याडम! लाल झाली वं! भरपूर झाली!"

अख्खा वॉर्ड हसायला लागला. वासुदेवराव टोपीत तोंड लपवून रडत होते. एरवी मी असल्या बोलण्यानं कानकोंडी झाले असते. त्या दिवशी मी उठून, भर वॉर्डात, पुण्याच्या शुद्ध मराठीत ओरडून विचारलं, "किती झाली?"